बुडीत साहेबांचा कोरा कोपरा

शिनोलीत त्यांना सगळे बुडीत साहेब म्हणायचे. आमच्या आंबेगाव तालुक्यात बुडीत हा शब्द पोरासोरांना पण ठाऊक, कारण धरण झालं तेव्हा वरच्या अंगाची गावंच्या गावं बुडितात गेली. त्यामुळं पाण्याखालची जमीन मोजणारा माणूस राहायला आलाय म्हटल्यावर लोकांना दुसरं कुठलं नाव सुचणार? आधी तर सगळ्यांना वाटलं, धरणात गेलेल्या रानांची फेरमोजणी निघाली. चार-दोन म्हातारे जुने उतारे घेऊन त्यांच्या दारात जाऊन बसले पण. साहेबांनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, "आजोबा, मी समुद्राखालचं मोजतो. गोड्या पाण्याचं माझ्याकडं न्हाई."

आता शिनोलीत कुठला आलाय समुद्र! भीमाशंकरच्या रस्त्यावरचं गाव, पश्चिमेला डोंगर, बाकी भाताची खाचरं आणि आभाळ. साहेबांचं मूळ गाव निमगाव सावा, तिकडं जुन्नर तालुक्यात. बायको आणि भाऊ तिथंच शेती बघायचे. मग हे गृहस्थ शिनोलीत दोन खोल्या घेऊन एकटे का राहायचे? मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "भाऊ, डोंगराच्या पलीकडं कोकण, कोकणाच्या पलीकडं समुद्र. पगाराविना जेवढं जवळ राहता येतंय, तेवढं राहतो." हे ते अगदी गंभीरपणे म्हणायचे. हसायला गेलं की आपलीच फजिती व्हायची.

मी तेव्हा घोडेगावला मोजणी ऑफिसात नकाशे उतरवायच्या कामावर होतो. गाव माझं अवसरी बुद्रुक. माझं अक्षर तालुक्यात एक नंबर. हे मी नाही म्हणत, चार साहेब बदलून गेले आणि चौघंही हेच म्हणाले. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढं जो घात झाला तो या अक्षरानंच झाला. त्या माणसाचं मी वाटोळं केलं. बायको सोडली तर हे मी आजवर कुणाशी बोललेलो नाही. तोंडानं बोलणं जमलं नाही, म्हणून आता लिहितोय.

पहिल्यांदा ते आमच्या ऑफिसात आले ते ट्रेसिंगचं कापड कुठं मिळतं हे विचारायला. पिशवीतून त्यांनी वीतभर लांबीचं शिशाचं वजन काढून माझ्या टेबलावर ठेवलं. टेबल कुरकुरलं. वजनाच्या बुडाला एक खळगा होता. म्हणाले, "ह्यात मऊ साबण भरायचा, दोरीला बांधून पाण्यात सोडायचं. दोरी खोली सांगते, आणि तळाला जे काय असंल ते साबणाला चिकटून वर येतं. रेती, चिखल, शिंपल्याचे तुकडे, कधी गवताची काडी. ह्या नखाएवढ्या साबणावर मी समुद्र वाचतो." शिनोलीच्या वाण्याकडून ते आठवड्याला दोन-दोन साबण न्यायचे. वाणी गिऱ्हाइकांना सांगायचा, एवढा स्वच्छ माणूस मी जन्मात बघितला नाय.

वीस वर्षं ते सरकारी मोजणीच्या बोटीवर होते. तिथं त्यांचं पटेना. खात्याला हवी होती फक्त खोली. जहाजाचं बूड घासेल का नाही, एवढ्याशी त्यांचा संबंध. साहेब मात्र आकड्याच्या शेजारी बारीक अक्षरात लिहायचे : इथं कालवं, इथं गवत, इथं कोलंबीची पिल्लं. वरचा अधिकारी लाल शाईनं ते खोडायचा. हे पुन्हा लिहायचे. शेवटी एक दिवस अधिकाऱ्यानं विचारलं, तुम्ही मोजणीदार आहात का कोळीण? साहेबांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. मला हे सांगताना हसत होते, पण डोळे हसत नव्हते.

नोकरी सोडली तरी खाडी सोडली नाही. कोकणातली एक छोटी खाडी होती, तिला ते नावानं कधी हाक मारायचे नाहीत, 'माझी खाडी' म्हणायचे. दर अमावास्येला नाहीतर पौर्णिमेला पाणी सगळ्यात जास्त उतरतं, तेवढं धरून ते एसटीनं जायचे. माळशेज घाट उतरून, तीन गाड्या बदलून. तिथं एक म्हातारा तांडेल होता. दुसऱ्यांच्या बोटी हाकण्यात त्याचा जन्म गेला होता, आता स्वतःची लहान होडी होती. तो होडी धरायचा आणि साहेब वीस-वीस हातांवर वजन सोडायचे. साबणाला चिकटलेलं बघायचे, हुंगायचे, वहीत लिहायचे आणि पुढं सरकायचे. त्या खाडीचा सबंध तळ, कुठं काय जिवंत आहे त्याच्यासकट, एका नकाशात आणायचा, एवढी एकच इच्छा. असं सहा वर्षं चाललं होतं.

आणि घरी शिनोलीत? घरी पण खाडीच. भिंतीवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक टांगलेलं. भरती लागली की जेवायचं, ओहोटी लागली की कामाला बसायचं. भरतीची वेळ रोज पाऊण तासानं पुढं सरकते, त्यामुळं यांचं जेवण पण सरकायचं. कधी सकाळी नऊला जेवतील, कधी दुपारी चारला. माझ्या पुतणीच्या लग्नाला अवसरीला आले होते. मंगलाष्टकं चालू, सगळे अक्षता घेऊन उभे, आणि यांनी घड्याळात बघून मोठ्यानं सांगितलं, "ओहोटी लागली." नवरीच्या मामानं असं काही बघितलं की मी मध्ये जाऊन उभा राहिलो. पण साहेबांना कळलंच नाही काय झालं ते. त्यांच्या हिशेबी ही सगळ्यांच्या कामाची बातमी होती.

गावच्या विहिरीत पण ते वजन सोडायचे. लोक म्हणाले, हा पाणाड्या दिसतो, आणि बोअर कुठं घेऊ म्हणून विचारायला यायला लागले. साहेब म्हणायचे, "राव, मला पाणी कळत न्हाई. पाण्याच्या खालचं कळतं." मग विहिरीच्या तळाला बारीक रेव आहे, कोळशाचे तुकडे आहेत, गोगलगायी जिवंत आहेत म्हणजे पाणी चांगलं आहे, असं सगळं सांगायचे. ऐकणारा बिचारा 'बरं बरं' म्हणत उठायचा.

चिखल ओळखायची त्यांची आणखी एक रीत होती. चिमूटभर चिखल पुढच्या दातांत धरायचा. कचकच लागली तर रेव, नाही लागली तर गाळ. ही सवय इतकी मुरलेली की आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा आमटीचा घोट घेऊन थांबले, दात हलवून बघितले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, बारीक रेव हाय." बायको चार दिवस माझ्याशी बोलली नाही. जसा काय मीच तिच्या डाळीत खडे टाकले होते! पण पुढच्या खेपेला तिनं डाळ दोनदा निवडली, आणि साहेब तीन वाट्या आमटी प्याले. तेव्हापासून तिचा त्यांच्यावर जीव बसला.

त्यांचा एकच हट्ट होता. बघितलं नाही ते लिहायचं नाही. गावात एकाच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली. हवालदार पंचनाम्याला आला, शिकलेला माणूस म्हणून पंच म्हणून यांना बोलावलं. सगळं लिहून झालं, सही करा म्हणाला. साहेब म्हणाले, "मोटार मी कधी बघितलीच नव्हती. मग ती गेली हे मी कसं लिहू?" हवालदार म्हणाला, अहो साहेब, सगळ्या गावाला माहिती आहे. "गावाची सही घ्या मग." शेवटी, मोटार विहिरीतच पडली नाही ना, हे त्यांनी वजन सोडून बघितलं, सबंध तळ चाचपला, आणि 'विहिरीत मोटार नाही' एवढ्याच वाक्याखाली सही केली. हवालदारानं कोपरापासून हात जोडले.

अशा माणसाचा नकाशा मी ट्रेसिंगच्या कापडावर उतरवत होतो. दर रविवारी लुनावर शिनोलीला जायचो. ते वही वाचायचे, मी शाईनं खुणा करायचो. चिखलाला आडव्या बारीक रेघा, रेतीला ठिपके, खडकाला फुली, कालवांना अर्धचंद्र, गवताला तीन काड्या. ऑफिसात तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या बांधांवरून रेघा ओढल्या. भाऊबंदांची भांडणं, हद्दी, कोर्टं, शिव्या. इथं पहिल्यांदा मी असं काहीतरी काढत होतो ज्याच्यावर कुणाचा दावा नव्हता. ते रविवार माझ्या नोकरीतले सगळ्यात चांगले दिवस होते, आणि त्या दिवशी मी नोकरीवर नसायचो.

नकाशात एक कोपरा तेवढा कोरा होता. खाडीच्या उत्तरेला, एका खडकाच्या आड. तांडेल सांगायचा, साहेब, सगळी मासळी अंडी घालायला तिथंच येते, खाली गवताचं रान हाय. पण तिथं लाट उलटी फुटायची, होडी ठरायची नाही. साहेब दरवेळी जायचे आणि परत यायचे. मी म्हणायचो, "तांडेलाला एवढी खात्री आहे तर काढू की तीन काड्या."

"त्यानं बघितलं असंल. मी न्हाई बघितलं."

"अहो पण..."

"मोजणीवाले, कोरं ठेवा."

मग बातमी आली की खाडीत जेटी होणार. मालाची बार्जं आत यावीत म्हणून मधली वाट खोल खणणार, आणि खणलेला सगळा गाळ खाडीतच कुठंतरी नेऊन टाकणार. कुठं, ते जनसुनावणीत ठरणार. साहेबांनी ती बातमी मला एसटी स्टँडवर वाचून दाखवली आणि पेपराची घडी करून खिशात घातली. म्हणाले, "ज्याच्या डोक्यावर गाळ पडंल ते मेलं. कालवं मेली, गवत मेलं, पिल्लं मेली. आपला नकाशा तिथं पायजे. कुठं काय जितं हाय हे लिहिलेला आख्ख्या खाडीचा एकच कागद हाय, आन तो तुमच्या हातात हाय."

सुनावणीच्या तीन दिवस आधी अमावास्या होती. साहेबांनी ठरवलं, तेवढ्यात जाऊन उत्तरेचा कोपरा मोजायचा, आकडे घेऊन तिथूनच थेट सुनावणीला यायचं. नकाशा मी पुरा करून घेऊन यायचा. "कोपरा कोरा ठेवा. आकडे आणले की मी तिथंच भरीन," म्हणाले. आणि निघताना, नंतर गडबड नको म्हणून, नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात सही करून गेले. खुणांची सूची अजून लिहायची बाकी होती. मोटारीच्या पंचनाम्यावर सही न करणाऱ्या माणसानं माझ्या भरवशावर अर्ध्या कागदावर सही केली.

मी दोन दिवस रजा काढून बसलो. सूची लिहायला घेतली. रेघा म्हणजे चिखल. ठिपके म्हणजे रेती. फुली म्हणजे खडक. अर्धचंद्र, काड्या, सगळं झालं. राहिली पांढरी जागा. आता आमच्या खात्याची शिस्त अशी की सूचीत नाव नाही अशी जागा नकाशात असता कामा नये. उमेदवारीच्या काळात असाच एक नकाशा मी नेला होता, तर ऑफिसातल्या तेव्हाच्या साहेबांनी तो माझ्या तोंडावर फेकला होता. पांढऱ्या जागेला आमच्याकडं वर्षानुवर्षं एकच शब्द लिहितात. हातानं तो हजारदा लिहिलाय. मी चौकोन काढला, पांढरा ठेवला, आणि त्याच्यापुढं सुंदर अक्षरात लिहिलं : पड.

विचार केला नाही. खोटं कशाला बोलू, लिहिताना मला वाटलं, छान दिसतंय.

सुनावणी खाडीकाठच्या एका शाळेच्या हॉलमध्ये होती. मी सकाळीच पोचलो. टेबलावरच्या कारकुनानं नकाशा घेतला, शिक्का मारला, आत नेला. साहेब आले ते सुनावणी सुरू झाल्यावर, भिजलेले, डोळे लाल. माझ्या कानात म्हणाले, "न्हाई जमलं. दोनदा होडी उलटता उलटता राह्यली. कोरंच हाय ना?" मी मान हलवली. कोरं होतंच.

जेटीवाल्यांचा इंजिनीअर उठला. माणूस शांत, सभ्य. आम्हाला वाटलं होतं तो नकाशा खोडून काढेल. पण त्यानं तर तोंडभरून कौतुक केलं! म्हणाला, "या खाडीच्या तळाची इतकी बारकाईची माहिती कुणाकडेच नाही. आम्ही हा नकाशा पूर्ण मान्य करतो. जिथे जिथे जीवसृष्टी दाखवली आहे तिथे आम्ही गाळ टाकणार नाही." साहेबांनी माझा हात घट्ट धरला. त्यांना एवढं खूष मी कधी बघितलं नव्हतं. मग इंजिनीअर म्हणाला, "आणि सुदैवाने नकाशातच जागा सुचवलेली आहे. उत्तरेचा कोपरा. सूचीप्रमाणे तो पड आहे. गाळ तिथे टाकू."

साहेबांनी माझा हात सोडला आणि उभे राहिले.

"पड? कोण म्हणतं पड?"

सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यानं नकाशा त्यांच्याकडं फिरवला. साहेब पुढं गेले, चष्मा लावला, वाकले. माझा 'ड' ते ओळखत होते, त्याच्या शेपटीचं त्यांनी कितीदा कौतुक केलं होतं. त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी तिसऱ्या रांगेत होतो. मी खाली फरशीकडं बघत बसलो.

"सही आपलीच ना?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"माझीच."

"मग हा शब्द आपला नाही का?"

"शब्द चुकलाय. तिथं मोजायचं राह्यलंय."

"राहिलंय म्हणजे माहिती नाही. पड म्हणजे माहिती आहे, तिथे काही नाही. दोन्हींपैकी एक सांगा."

इंजिनीअर हळूच म्हणाला, "साहेब, न पाहता सही केली असेल तर मग बाकीच्या नकाशाचं तरी काय धरायचं?"

एवढंच पुरे होतं. त्या माणसानं एका वाक्यात सगळं समजावून दिलं. सही बघून केली नव्हती म्हटलं असतं, तर सहा वर्षांची खाडी एका मिनिटात रद्दी झाली असती आणि गाळ कुठंही पडला असता. साहेबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. आणि मी? मला उठून एवढंच म्हणायचं होतं की तो शब्द माझा आहे, मी लिहिला, त्यांना ठाऊक पण नव्हता. मी उठलो नाही. मी सरकारी नोकर, रजेवर खाजगी काम केलेलं, दुसऱ्या जिल्ह्यात येऊन. असली सगळी कारणं माझ्या मनात भराभर आली. माणूस भित्रा असला की त्याला कारणं फार चटकन सुचतात.

साहेब म्हणाले, "सही माझी. शब्द माझा." आणि बसले.

मागं बसलेले कोळी एकदम उठले. शिव्यांचा पाऊस पडला. "घाट्यानं खाडी इकली!" असं कुणीतरी ओरडलं. तांडेल दाराशी उभा होता. नुसता साहेबांकडं बघत राहिला आणि मग निघून गेला.

येताना एसटीत साहेब खिडकीशी बसले. कल्याण गेलं, मुरबाड गेलं. घाट चढायला लागल्यावर विचारलं, "तुमच्या खात्यात पड म्हंजे काय वो?"

"जिथं पीक नाही, पेरत नाहीत, ती जमीन," मी म्हणालो.

"आन जी अजून कुणी बघितलीच न्हाई, तिला काय म्हणता?"

मी खूप आठवून बघितलं. म्हणालो, "तसला शब्दच नाही साहेब आमच्यात. नकाशा म्हटला की सगळं मोजलेलंच असतं."

त्यांनी मान डोलावली, जसं काय मी एखादी नवीन माहिती दिली. घोडेगाव आलं. मला वाटत होतं यांनी मला शिव्या द्याव्यात, एक थोबाडीत मारावी. त्यांनी माझी पिशवी खाली काढून दिली.

पावसाळ्याआधी गाळ पडला. ठरल्याप्रमाणे कोपऱ्यातच टाकला, कुणी एक हात पण इकडंतिकडं सरकलं नाही. पण गाळाला हद्द कुठं कळते? भरतीबरोबर आत, ओहोटीबरोबर बाहेर, असं करत दोन वर्षांत तो सगळ्या खाडीभर पसरला. ज्या जागा वाचवायला साहेबांनी तो शब्द स्वतःच्या अंगावर घेतला, त्या पण गेल्या. तांडेल आता होडी देत नव्हता, म्हणून ते भाड्यानं दुसरी घ्यायचे. दरवेळी आले की मला साबण दाखवायचे. एका जागेचा करडा चिखल, दुसऱ्या जागेचा करडा चिखल. दातांत धरून बघायचे आणि म्हणायचे, "कचकच न्हाई." हे सांगताना आवाजात काही नसायचं, आणि तेच मला सहन व्हायचं नाही.

एके दिवशी गेलो तर भिंतीवरचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढलेलं. विचारलं, तर म्हणाले, "काय करायचंय?" त्या दिवसापासून ते दुपारी बाराला जेवायला लागले, रात्री आठला जेवायला लागले, वाण्याकडून महिन्याला एक साबण आणायला लागले. लोक म्हणाले, बुडीत साहेब आता माणसात आले. मी घरी येऊन बायकोला हे सांगितलं आणि मला रडू फुटलं. ती म्हणाली, "तुमी जावा आन पाय धरा त्यांचं. आवो, तुमी एकदा तरी म्हणलात का, चुकलं म्हणून?"

गेलो. पाय धरायला वाकलो तर त्यांनी खांद्याला धरून उठवलं.

"माझ्यामुळं झालं, साहेब."

"तुमी तुमच्या रीतीनं लिहिलंत. मी माझ्या रीतीनं वागलो न्हाई. बघितलं न्हाई तिथं सही केली." मग थोडं थांबून म्हणाले, "तुमचा राग यावा म्हणून मी लई खटपट केली, भाऊ. आला असता तर बरं झालं असतं. कायतरी तरी आलं असतं."

मी चहा न घेताच निघालो.

शेवटची दोन वर्षं ते निमगाव सावाला घरी, बायको-भावाजवळ होते. तिथं ओट्यावर बसून असायचे. विहिरीकडं कधी गेले नाहीत, पेपर वाचला नाही. मी दोनदा भेटायला गेलो, दोन्ही वेळा ओळखलं, बसा म्हणाले, आणि मग पुढं काही नाही. डॉक्टरला आजार सापडला नाही. एका सकाळी भावानं चहा नेला तर गेलेले होते.

दिवस झाल्यावर मी खाडीला गेलो. ठरवून गेलो. तिथं अजून त्यांचं नाव निघालं की लोक थुंकतात, हे मला ठाऊक होतं. निदान एका माणसाला, त्या तांडेलाला, खरं काय ते सांगायचं. वाटेत एसटीत मी वाक्य पाठ केलं होतं : तो शब्द साहेबांचा नव्हता, माझा होता.

तांडेल सापडला. फार थकला होता, जेटीच्या बाजूला जाळं शिवत बसला होता. मासळी नाही तर जाळं कशाला शिवता, असं मी विचारणार होतो, पण थांबलो. साहेब गेले म्हणून सांगितलं. त्यानं सुई थांबवली. पाण्याकडं बघितलं.

"माझ्या होडीत सा वर्सं बसला तो माणूस," तो म्हणाला. "एक खोटा आकडा लिवला नाय कधी. आन सगळ्यात मोठा खोटा शब्द लिवलान. मी इचारलं त्याला, का लिवलंस? तर म्हणाला, माझीच चूक. बस. दुसरा शब्द नाय." मग माझ्याकडं वळला. "मला नाय पटत वो अजून. तुमी त्याच्याकडले ना? खरं सांगा, त्यानंच लिवला होता तो शब्द?"

वाक्य माझ्या तोंडात होतं. नुसतं सोडायचं होतं.

मी म्हणालो, "सही तर त्यांचीच होती."

त्यानं मान हलवली आणि सुई पुन्हा जाळ्यात घातली.